चौथ्या रात्रीचा जमाखर्च

वीज गेली मंगळवारी, बर्फाच्या ओझ्यानं तारा तुटून.
आज शुक्रवार. इनारीच्या सरोवरावर
सकाळी अकराला उजाडतं, म्हणजे नुसतं निळं होतं,
आणि दोनच्या सुमाराला ते निळंही
कुणीतरी आवरून ठेवतं.

गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान फाडलं, पाठकोरं.
पेन गोठलेलं, म्हणून पेन्सिल.
मधोमध रेघ.
डावीकडे येतं, उजवीकडे येत नाही.
ओइली, वय एकाहत्तर, हे कोणत्या बाजूला लिहावं
ठरेना. वरती लिहिलं.

डावीकडे हात भरभर गेला.
बर्चची साल सोलून एका काडीत चूल पेटवणं.
(काड्या मोजल्या : दोनशे चौदा.)
बर्फाचा रंग वाचणं. काळा असेल तर चाल,
करडा असेल तर थांब,
आणि ओढा जिथे सरोवरात शिरतो तिथे
कुठल्याच रंगावर विश्वास ठेवू नकोस.
बर्फाखालून जाळं ओढणं. मासे साफ करणं, आतडी कोल्ह्याला.
बत्तीस वर्षं टपालाची बस चालवली इवालोच्या रस्त्यावर,
डिझेल थिजलेल्या तुपासारखं झालेलं पाहिलंय
आणि तरीही पत्रं पोचवलीत.
एकटीनं जेवणं, पण ताट मांडून.
हे कौशल्य आहे का, माहीत नाही. लिहिलं.

उजवीकडे पेन्सिल जरा वेळ नुसतीच टेकली.
मग : करवतीच्या साखळीला धार लावणं.
ते तावेत्तीचं काम. त्याच्याबरोबर गेलं.
कानस आहे खिळ्याला,
मूठ त्याच्या अंगठ्यानं झिजलेली.
माझा अंगठा त्या खळगीत बसत नाही.
उजवा खांदा. डोक्याच्या वर जात नाही,
म्हणजे छपरावरचं बर्फ.
गोळ्या : नऊ.
बॅटऱ्या : दोन, त्यातली एक खोटारडी.
पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात.
म्हणणाऱ्याच्या पाण्यावर हातभर बर्फ नसणार.
(पोहता येत नाही. तेही लिहिलं.)

तेवढ्यात खिडकीतून पलीकडचा काठ दिसला
आणि त्या काठावरच्या धुराड्यात धूर नव्हता.

मिंट्टू. ऑगस्टमध्ये तुर्कूहून आली,
अकरा खोकी, सौर पत्रे,
सुऱ्याच सोळा प्रकारच्या.
ऑक्टोबरात काहीतरी विचारायला आली होती.
मी दार अर्धंच उघडलं, म्हटलं, शिकशील,
आणि लावलं.

कागद घडी करून खिशात, कानस दुसऱ्या खिशात,
करवत पाठीवर. ती का घेतली, सांगता येणार नाही.
स्की घालून काठाकाठानं गेले,
ओढ्याच्या तोंडाला वळसा घालून, तासभर जास्त.

ती स्लीपिंग बॅगमध्ये, डोळे लाल,
खोलीभर धूर, चुलीत काळं पडलेलं सरपण.
धुराडं गार पडलं की धूर खाली बसतो, मी म्हटलं,
आधी वरच्या झरोक्यात कागद जाळून त्याला ऊब द्यायची.
कागद?
तिच्याकडे होत्या त्या सगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या.
मी खिशात हात घातला.

चांगला जळला डिसेंबर. डावी बाजू आधी, मग उजवी,
वरती हुंकारासारखा आवाज आला
आणि धुराला वाट मिळाली.

मग आम्ही दोघी करवत मांडीवर घेऊन बसलो.
तिलाही येत नव्हतं.
तिनं कपाळावरच्या दिव्यात माहितीपत्रक वाचलं, मोठ्यानं,
दोनदा मागे जाऊन,
मी कानस धरली, मग तिनं धरली,
मग दोघींनी भांडून.

घरी आले तेव्हा कॅलेंडरवर नोव्हेंबर शिल्लक होता.
फाडला. रेघ मारायची राहिली.
लिहिलं : करवत, वाकडी कापते. डावीकडे ओढते.
खाली : रविवारी मिंट्टू जाळ्यावर येणार.
तिचे हातमोजे पातळ आहेत, सांगायला हवं.